नाव कुठे घालायचं?

डोहाळजेवण उरकलं की मुलगी माहेरी निघते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत महाराष्ट्रात अजून टिकून आहे, आणि ती वाईट आहे असं मुळीच नाही. बाळंतिणीला आईचा हात मिळतो, झोप मिळते, शेक-शेगडी आणि डिंकाचे लाडू मिळतात. पण या रीतीची एक बाजू फारशी कुणी बोलून दाखवत नाही. पुण्यात किंवा ठाण्यात सहा-सात महिने एका डॉक्टरांकडे नेमाने तपासणी झालेली मुलगी आठवा लागता लागता सांगोल्याला, चिपळूणला किंवा अंबाजोगाईला येते आणि तिचा डॉक्टर बदलतो. गरोदरपणातले सगळ्यात जोखमीचे आठवडे पुढे असतात आणि नेमक्या त्याच वेळी तिला ओळखणारं, तिचा आधीचा रक्तदाब लक्षात असणारं माणूस दोनशे किलोमीटर मागे राहतं.

मग घरात चौकशी सुरू होते. ‘नाव कुठे घालायचं?’ आत्या एक नाव सांगते, शेजारच्या काकू दुसरं. एका डॉक्टरीणबाईंचा हात हलका असतो, दुसऱ्या नॉर्मलच करतात, तिसरे डॉक्टर फार हुशार पण ओरडतात. अशा शिफारशींना अर्थ नसतो असं नाही. बायका एकमेकींना जे सांगतात त्यात डॉक्टर नीट बोलतात का, तपासताना आडोसा करतात का, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतात की ‘ते तुम्हाला कळायचं नाही’ म्हणून उडवून लावतात, याची खरी माहिती असते. मोबाईलवरच्या ताऱ्यांपेक्षा ती कितीतरी विश्वासाची. तारे बहुतेकदा गाडी लावायला जागा होती का आणि किती वेळ बसावं लागलं यावर दिलेले असतात.

मात्र आत्याची शिफारस बहुधा सरळ पार पडलेल्या बाळंतपणावर आधारलेली असते, आणि सरळ बाळंतपण बहुतेक कुणाच्याही हातून सरळ होतं. दवाखान्याची परीक्षा होते ती वाकडं वळण लागलं तर. चांगले डॉक्टर शोधताना म्हणून एक प्रश्न बदलावा लागतो. डॉक्टर कोण, याइतकंच महत्त्वाचं आहे की बाळंतपण कुठे होणार आणि त्या जागी अडचणीच्या वेळी काय काय हाताशी असणार.

महाराष्ट्राची गेल्या काही दशकांतली वाटचाल चांगली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात किंवा रुग्णालयात होतात. २०१८-२० या काळात देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात हा आकडा ३३ होता. आकडा लहान आहे. पण ज्या घरातली मुलगी त्या तेहतिसांत येते त्या घराला या आकडेवारीचा काही उपयोग नसतो, आणि त्या मृत्यूंतले बरेचसे टाळता येण्याजोगे असतात हे प्रसूतिशास्त्र शिकवणारे पहिल्याच वर्षी सांगतात.

बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे त्यातलं सगळ्यात भीतीदायक कारण. बाळ रडलेलं असतं, पेढे आणायला माणूस गेलेला असतो, आणि वार पडल्यावर गर्भपिशवी जशी आवळायला हवी तशी आवळत नाही. उपचार मिळाले नाहीत तर काही तासांत, कधी दोन तासांतही, बाई हातची जाते. आधीच रक्त कमी असेल तर त्याहूनही लवकर, आणि देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये रक्त कमी असतंच. दुसरं कारण वाढलेला रक्तदाब. तो १४०/९० च्या वर गेला, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, पोटाच्या वरच्या भागात दुखू लागलं, तर झटके येण्याची ती पूर्वसूचना असू शकते. या दोन्ही वेळी ‘हात हलका’ असून भागत नाही. औषध, रक्त, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियेची तयारी आणि ते सगळं पटापट करू शकणारी माणसं लागतात.

रात्री दोन वाजता

कळा घड्याळ बघून येत नाहीत. नाव घालण्यापूर्वी त्या ठिकाणी एकदा जाऊन विचारायचा पहिला प्रश्न असा असावा : रात्री दोन वाजता आलो तर दार कोण उघडेल आणि डॉक्टर किती मिनिटांत पोहोचतील? तालुक्याच्या गावातली बरीचशी प्रसूतिगृहं एका डॉक्टरांच्या किंवा नवरा-बायको अशा डॉक्टर जोडप्याच्या बळावर चालतात. वर घर, खाली दवाखाना. ही व्यवस्था अनेकदा फार उत्तम असते, कारण डॉक्टर जिन्यावरून खाली येतात, गावावरून नाही. पण तेच डॉक्टर परिषदेला किंवा लेकीच्या लग्नाला गेले तर त्यांच्या जागी कोण, हेही विचारावं. ज्यांनी याचा विचार केलेला असतो ते लगेच नाव सांगतात.

दुसरा प्रश्न भूलतज्ज्ञांचा. लहान रुग्णालयांत ते बाहेरून बोलावले जातात, आणि एकच भूलतज्ज्ञ त्या गावातल्या चार-पाच रुग्णालयांना पुरे पडत असतात. तातडीचं सिझेरियन ठरल्यापासून साधारण अर्ध्या तासात बाळ बाहेर यावं अशी अपेक्षा असते. भूलतज्ज्ञ शेजारच्या तालुक्यात राहत असतील तर हे गणित बसत नाही. बालरोगतज्ज्ञांचंही तसंच. बाळ जन्मल्यावर रडलं नाही तर पहिलं एक मिनिट सोन्यासारखं असतं. त्या मिनिटाला बालरोगतज्ज्ञ खोलीत असतीलच असं नाही, पण बाळाला मास्क लावून श्वास देता येणारी प्रशिक्षित परिचारिका असायलाच हवी. काचपेटीची सोय नसेल तर बाळाला कुठे हलवतात, हेही आधीच कळलेलं बरं.

तिसरा प्रश्न रक्ताचा. रक्तपेढी किती किलोमीटरवर आहे हे विचारू नये, किती मिनिटांवर आहे हे विचारावं. घाट, पावसाळा, साखर कारखान्याच्या हंगामात रस्त्यावर आलेल्या उसाच्या गाड्या, यांनी किलोमीटरचा अर्थ बदलतो. मुलीचा रक्तगट दुर्मीळ असेल तर त्या गटाचे दोन-तीन ओळखीचे लोक हेरून ठेवावेत.

आणि चौथा प्रश्न, जो विचारायला लोक बिचकतात : तुमच्याकडे जमलं नाही तर कुठे पाठवता? डॉक्टरांना राग येईल असं वाटतं. चांगल्या डॉक्टरांना येत नाही. ‘रक्तदाब फार वाढला, बाळ सात-आठ महिन्यांतच येऊ पाहतंय, वार खाली सरकलेली आहे, अशा बायका आम्ही ठेवून घेत नाही, जिल्ह्याला पाठवतो, तिथल्या डॉक्टरांना आधी फोन करतो’ असं सरळ सांगणारा दहा खाटांचा दवाखाना हा ‘आमच्याकडे सगळं होतं’ म्हणणाऱ्या चकचकीत पन्नास खाटांच्या रुग्णालयापेक्षा पुष्कळदा सुरक्षित असतो. आपल्या कुवतीची हद्द ओळखणं हे या व्यवसायातलं फार मोठं कौशल्य आहे आणि ते भिंतीवरच्या कुठल्याच प्रमाणपत्रात लिहिलेलं नसतं.

भिंतीवर काही गोष्टी मात्र लिहिलेल्या असतात, त्या वाचाव्यात. महाराष्ट्रात खासगी प्रसूतिगृहाला १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते आणि ती दर तीन वर्षांनी नव्याने करावी लागते. या कायद्याच्या नियमांत २०२१ मध्ये बदल झाले. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं रुग्णालयांवर बंधनकारक आहे. दरपत्रक दिसलं नाही तर मागावं. नॉर्मलचे किती, सिझेरियनचे किती, त्यात औषधं, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ धरलेत का, खोलीचं भाडं वेगळं का, हे आठव्या महिन्यात विचारलं तर कुणाला संकोच वाटत नाही. बाळंतपणाच्या खोलीच्या दारात विचारलं तर सगळ्यांनाच वाटतो. विमा असेल तर प्रसूतीसाठी प्रतीक्षा कालावधी संपला आहे का, हेही पाहून ठेवावं. बऱ्याच कुटुंबांना ते बिल हातात आल्यावर कळतं. खासगी प्रसूतिगृहांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने, म्हणजे ‘फॉग्सी’ने, ‘मान्यता’ नावाचा दर्जा-उपक्रम चालवला आहे. त्यात बाळंतपणाच्या आधीपासून नंतरपर्यंतच्या सोळा निकषांवर दवाखाना तपासला जातो. ते प्रमाणपत्र दिसलं तर चांगलंच, नसलं म्हणून दवाखाना वाईट असं नव्हे.

पाटीवरची अक्षरं

डॉक्टरांच्या नावापुढची अक्षरं हा सामान्य माणसासाठी गोंधळाचा विषय. एम.डी. किंवा एम.एस. आणि त्यापुढे प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोग असं असेल तर एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षांचं विशेष शिक्षण झालेलं असतं. डी.एन.बी. ही त्याच तोडीची. डी.जी.ओ. ही दोन वर्षांची पदविका. मागच्या पिढीतल्या अनेक नावाजलेल्या डॉक्टरांकडे तीच आहे, आणि पंचवीस-तीस वर्षं रोज बाळंतपणं केलेल्या माणसाला पदविकेवरून जोखणं अन्यायाचं होईल. आयुर्वेदातही प्रसूतितंत्र व स्त्रीरोग हा पदव्युत्तर विषय आहे. ती शाखा वेगळी आणि तिची परिषदही वेगळी. कुठली शाखा, हे रुग्णाला स्पष्ट कळलं पाहिजे एवढंच. नुसतं ‘स्त्रीरोगतज्ज्ञ’ एवढंच लिहिलेलं असेल आणि पुढे पदवी व नोंदणी क्रमांक नसेल तर थबकावं. ॲलोपथीच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते, दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण होतं आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नाव तपासून पाहता येतं. अविश्वास म्हणून हे करायचं नाही. भाजी घेताना मेथीची जुडी उलटून बघतो तसं.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. सोनोग्राफी करताना ‘पेढे की बर्फी’ असं सूचक बोलणारे डॉक्टर काही भागांत फार लोकप्रिय असतात. गर्भलिंग सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. जो माणूस मुलीच्या जिवाबाबत कायदा मोडतो तो आईच्या जिवाबाबत नियम पाळेल, असं धरून चालायला काही आधार नाही.

पुरुष डॉक्टर की स्त्री डॉक्टर, हा प्रश्न बऱ्याच घरांत सगळ्यात आधी येतो. स्त्रीला स्त्री डॉक्टर हवीशी वाटणं अगदी स्वाभाविक आहे आणि ती निवड तिची आहे. सासूची किंवा नवऱ्याची नाही. पण गावात भरवशाचे डॉक्टर पुरुष असतील आणि केवळ तेवढ्यासाठी मुलीला दीड तास लांब न्यायचं ठरत असेल, तर नफा-तोट्याचा विचार व्हावा. पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असणं हा रुग्णाचा हक्क आहे. शिरोड्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर पुरुषच होते. गर्भपिशवीचं तोंड अवेळी उघडून वारंवार गर्भ पडणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी १९५५ मध्ये मांडलेला टाका आजही जगभर त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

‘नॉर्मलच करतात’ म्हणजे काय

आता सिझेरियन. या विषयावर घराघरात दोन टोकांची मतं असतात. एक, डॉक्टर पैशांसाठी कापतात. दोन, कळा कशाला सोसायच्या, मुहूर्त बघून करून टाका. त्याच सर्वेक्षणात देशातल्या एकूण बाळंतपणांपैकी २१.५ टक्के सिझेरियनने झाल्याचं दिसतं. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के. महाराष्ट्रात एकूण चारातलं एक. हा फरक नुसत्या वैद्यकीय कारणांनी समजावून सांगता येत नाही. सरकारी रुग्णालयांकडे तर उलट जास्त गुंतागुंतीच्या बायका पाठवल्या जातात. संपूर्ण लोकसंख्येचा विचार केला तर सिझेरियनचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्याने माता-बालमृत्यू आणखी घटल्याचं दिसत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

तरीही एकेका डॉक्टरचं मोजमाप या टक्केवारीवर करू नये. ज्यांच्याकडे आधी सिझेरियन झालेल्या, जुळ्यांच्या, पायाळू बाळांच्या बायका येतात त्यांचा आकडा वर जाणारच. म्हणून तर जगभर सिझेरियनचा हिशेब रॉब्सन यांच्या पद्धतीने, स्त्रियांचे दहा गट पाडून ठेवला जातो. साधी गोष्ट विचारावी : पहिलटकरीण, पूर्ण दिवसांची, बाळाचं डोकं खाली, कळा आपोआप सुरू झालेल्या, अशा बायकांमध्ये तुमच्याकडे किती जणींचं सिझेरियन होतं? नेमका आकडा मिळेलच असं नाही, पण उत्तर देण्याची पद्धत पुष्कळ सांगून जाते. कळा सोसवत नसतील तर वेदना कमी करण्यासाठी काय करता, कळांच्या वेळी आई किंवा बहीण जवळ थांबू शकते का, हेही विचारावं. विश्वासाचं माणूस सोबत असेल तर बाळंतपण सुकर होतं, हे अभ्यासांनी दाखवलं आहे.

सिझेरियनचं सांगितलेलं कारणही नीट ऐकावं. ‘नाळेचा वेढा आहे’ हे फार ऐकू येणारं कारण. चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्याभोवती नाळ असते आणि त्यातली बहुतेक नॉर्मल जन्मतात. तेवढं एकच कारण पुरेसं नसतं. उलट बाळाचे ठोके सतत घसरत असतील, बाळ आडवं असेल, वार गर्भपिशवीच्या तोंडावर बसली असेल, तर तिथे ‘अजून थोडी वाट बघू’ म्हणणारे नातेवाईकच धोका वाढवतात. ‘नॉर्मलच करतात’ अशी ख्याती असलेल्या दवाखान्यात जास्त वेळ वाट पाहून उशिरा हलवलेल्या बायका जिल्हा रुग्णालयांना नवीन नाहीत. नॉर्मल हा शब्द बाळ आणि आई दोघांच्याही प्रकृतीला लागू व्हायला हवा.

दोन गावांमधली फाईल

पुन्हा माहेरच्या प्रवासाकडे. डॉक्टर बदलणार असेल तर ते पाचव्या-सहाव्या महिन्यातच ठरवावं, सातव्या महिन्यात एकदा माहेरच्या डॉक्टरांना दाखवून यावं आणि नववा लागण्याआधी तिकडे मुक्कामाला जावं. रक्तदाब वाढलेला असेल, जुळं असेल, मधुमेह असेल, आधीचं सिझेरियन असेल, तर माहेरच्या गावी सोय आहे का हे दोन्ही डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. सोय नसेल तर रीत उलटी करावी : मुलीने माहेरी न जाता आईने मुलीकडे यावं. डिंकाचे लाडू एस.टी.तूनही जातात.

फाईल हा शब्द ऐकला की लोक सोनोग्राफीचे फोटो जपून ठेवतात आणि रिपोर्ट हरवतात. खरी गरज असते ती पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची, कारण बाळंतपणाची तारीख सगळ्यात अचूक तिच्यावरून ठरते. नवव्या महिन्यात ‘दिवस भरले का?’ या प्रश्नाचं उत्तर त्या एका कागदात असतं. तो नसेल तर बाळ लहान आहे की दिवसच कमी आहेत, हे नव्या डॉक्टरांना कळत नाही. त्याखेरीज रक्तगट, प्रत्येक भेटीचा रक्तदाब आणि वजन, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, एच.आय.व्ही. आणि कावीळ ‘बी’ यांच्या तपासण्या, चालू औषधांची नावं. आधीचं सिझेरियन असेल तर ते का झालं आणि गर्भपिशवीवरचा छेद कसा होता, हे त्या वेळच्या डिस्चार्ज कार्डावर असतं. या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करायचा की नाही हे बरंचसं त्यावर ठरतं. आईचा रक्तगट आर.एच. निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन कधी दिलं याची नोंद फार महत्त्वाची. साधारण २८ व्या आठवड्यात एक, आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं. नेमकं २८ व्या आठवड्याच्या सुमारास गाव बदलतं आणि दोन्ही डॉक्टरांना वाटतं की दुसऱ्याने दिलं असेल.

जुने डॉक्टर फाईल देत नाहीत अशी तक्रार कधीकधी ऐकू येते. रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रं देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी एका विनंतीवर काम होतं. सरकारकडून मिळणारं माता-बाल संरक्षण कार्ड खासगीत तपासणी करणाऱ्या बाईनेही काढून घ्यावं. आशाताई किंवा आरोग्यसेविका ते देतात, आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात ते वाचता येतं.

सरकारी रुग्णालयात जायचं की नाही, यावर मध्यमवर्गीय घरांत चर्चासुद्धा होत नाही. व्हायला हवी. गर्दी असते, एका खाटेवर कधी दोघी असतात, बोलणं रांगडं असतं, कधी अपमान वाटेल असंही असतं. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चांगल्या जिल्हा किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ, रक्त, बाळाचा अतिदक्षता विभाग आणि जागे असलेले निवासी डॉक्टर एकाच छताखाली असतात. हे सुख अनेक महागड्या ठिकाणी नसतं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत आहे. औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरून नेण्या-आणण्याची गाडी त्यात धरलेली आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. खासगीत नाव घातलेल्या बाईनेही एकदा तरी ९ तारखेला जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन यावं. केसपेपर निघतो, वाट माहीत होते. आदिवासी आणि दुर्गम भागात काही प्राथमिक आरोग्य केंद्रांशेजारी ‘माहेरघर’ असतं. बाळंतपणाच्या काही दिवस आधी येऊन तिथे राहता येतं, म्हणजे पावसाळ्यात ओढा ओलांडायची वेळ कळांमध्ये येत नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणजे फक्त बाळंतपण, असाही एक समज आहे. त्याची मोठी किंमत मोजली जाते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. तपासणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती आणि त्यांत तिशीतल्या बायकाही होत्या. अंगावरून पांढरं जातं, पाळी जास्त जाते, आणि समोरून ऐकू येतं, ‘पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल.’ पाळी जास्त जाण्यावर गोळ्या आहेत, संप्रेरक सोडणारी तांबीसारखी साधनं आहेत. पिशवीच्या तोंडाची पॅप तपासणी आहे, आतल्या अस्तराचा तुकडा तपासता येतो. ‘तुकडा तपासला का? आधी औषधं देऊन पाहिली का?’ एवढं विचारावं आणि दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यावं. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेत आठ-पंधरा दिवसांचा उशीर क्वचितच बिघाड करतो. जिथे उशीर करू नये ती जागा वेगळी : पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, एकदाच आणि थोडंसं दिसलं, तरी त्याच आठवड्यात दाखवावं. ‘या वयात काय दाखवायचं’ म्हणून सहा महिने काढणाऱ्या आज्या प्रत्येक गावात आहेत.

आणि अविवाहित मुली. पाळी अनियमित, चेहऱ्यावर केस, पोटात असह्य दुखणं, या तक्रारी घेऊन आलेल्या वीस वर्षांच्या मुलीला आईच्या देखत ‘लग्न झालंय का?’ विचारलं की तपासणी तिथेच संपते. पुढे ती खरं सांगत नाही. आईला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगणारे डॉक्टर तिला हवे असतात. नको असलेल्या गर्भाबाबतही लोकांचा गैरसमज मोठा आहे. गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. २० आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरांचं मत पुरतं, २० ते २४ आठवड्यांदरम्यान ठरावीक परिस्थितींत दोघांचं लागतं. अविवाहित स्त्रीलाही हा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. तिचं नाव उघड करणं हा गुन्हा आहे. दवाखाना या कामासाठी मान्यता असलेला हवा आणि डॉक्टर ॲलोपथीचे व त्यातलं प्रशिक्षण घेतलेले हवेत. मेडिकलच्या दुकानातून गोळ्या आणून घरी रक्त वाहत बसलेल्या मुली रुग्णालयात पोहोचतात तेव्हा त्यांना सगळ्यात आधी विचारलं जातं, ‘इतका उशीर का?’ जवळच्या कुठल्या दारात आपल्याला हाकलणार नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

नाव घालून झालं, फाईल पिशवीत गेली, की एक काम उरतं. नवव्या महिन्याच्या सुरुवातीला घरातल्या कुणीतरी एकदा रात्री, जेवणं झाल्यावर, घरापासून त्या रुग्णालयापर्यंत गाडीने जाऊन यावं. किती वेळ लागतो, वाटेतलं रेल्वे फाटक मालगाडीसाठी किती मिनिटं बंद असतं, रुग्णालयाचं कुठलं दार रात्री उघडं असतं, पहारेकऱ्याला कुणाला हाक मारायची हे माहीत आहे का, हे पाहून यावं. परत आल्यावर डॉक्टरांचा, रुग्णालयाचा आणि १०८ चा क्रमांक फ्रिजवर किंवा दाराच्या मागे मोठ्या अक्षरांत चिकटवावा. तो मोबाईलमध्ये असतोच, पण त्या रात्री मोबाईल नेमका जावयाच्या खिशात असतो आणि जावई पुण्याहून निघालेले असतात.